तेविसाव्या खणातली कार्डे

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे एवढेच सांगितले, तर तुम्ही मला कपड्यांचे नाहीतर भांड्यांचे समजाल. तसे समजू नका. मला साठ खण आहेत. सहा ओळी, एका ओळीत दहा. प्रत्येक खणाचे तोंड पोस्टकार्डाएवढे आणि आत कोपरापर्यंत हात जाईल इतकी खोली. त्यात राहतात कार्डे. सार्वजनिक वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड. पुस्तकाचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, कोणत्या मांडणीवर कितव्या जागी ते ठेवले आहे, सगळे त्यावर लिहिलेले. कार्डांना खाली एक भोक असते आणि त्या भोकांतून पितळी सळई ओवलेली असते. म्हणजे कोणी घाईत खण उपडा केला तरी कार्डे सांडत नाहीत, आणि कोणी हळूच एखादे उपटू म्हटले तरी ते निघत नाही.

आता माझा स्वभाव संशयी का, हे तुमच्या ध्यानात येईल. माझे कामच ते. कार्ड म्हणते पुस्तक आहे, मांडणी म्हणते जागा रिकामी आहे. मग कोणीतरी खोटे बोलत असते, आणि ते कार्ड नसते. आयुष्यभर मी हेच बघत आले. कोणी काय नेले, कोणी परत आणले, कोणी "आणलं होतं की" म्हणत नजर चुकवली.

मला घडवणारा सुतार अबोल होता. एकेक खण बसवून झाला की तो आपल्या म्हाताऱ्या आईला हाक मारी. तिला दिसत नसे. ती एका बोटाने खण ओढी, कान देऊन ऐके आणि म्हणे, "हा रडतो." मग सुतार तो खण काढून पुन्हा रंधा मारी. साठच्या साठ खण तिच्या बोटाखालून गेले. एकच चूक राहिली. तेविसाव्या खणाची सळई उलट्या आट्यांची निघाली. बाकीच्या सळया डावीकडे फिरवल्या की सुटतात, ही उजवीकडे फिरवावी लागते. दुसरी हाताशी नव्हती म्हणून सुताराने तीच ठेवली. "ज्याला रोज उघडायचंय त्याला कळेल," एवढेच तो म्हणाला.

वाचनालयात मला वाचनकक्षात दीड हात उंच घडवंचीवर उभे केले. पाठीमागे एक बोळ आणि बोळात मागच्या खोलीचे दार. सुरुवातीची वर्षे माझ्यापुढे रांग लागे. काही वाचक बोटाला थुंकी लावून कार्डे चाळीत, त्यांचा मला राग येई. पण गर्दी असली की बरे वाटे, खोटे कशाला बोला.

मग ग्रंथपालबाई आल्या. तेव्हा त्या तिशीतही नव्हत्या. येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचे कार्ड त्या स्वतःच्या हाताने लिहीत. त्यांचा 'ळ' जरा जास्तच गुबगुबीत असे. कोणी तोऱ्यात म्हणाले, "हे पुस्तक तुमच्याकडे नसेलच," तर बाई काही न बोलता येत, नेमका खण ओढीत, दोन बोटांनी कार्ड वर करीत आणि बाजूला होत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पुढे टेबलावर संगणक आला आणि माझे दिवस फिरले. माझ्या डोक्यावर आधी ओल्या छत्र्या आल्या, मग मोडके कळफलक, मग खोट्या फुलांची बरणी. शिपाई मला 'पेटारा' म्हणू लागला. त्या शिपायाचे खरे नाव कोणी घेत नसे. वरच्या फळीवरचे पुस्तक काढायला त्याला शिडी लागत नसे, म्हणून सगळे त्यालाच शिडी म्हणत.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत माझ्यात फक्त एकेचाळीस नवी कार्डे आली. त्यांची गोष्ट अशी. एक शाळामास्तर होते. चाळीस वर्षे सुट्टीच्या दिवशी ते नदीकाठाने हिंडले. कोणत्या साली पाणी कुठवर चढले, नावाडी कोणत्या धारेला काय म्हणतात, कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते आणि ते खारे कधी झाले, हे सारे ते वह्यांत लिहीत गेले. वह्या एकेचाळीस झाल्या. दुसरी प्रत नाही. मास्तर वारल्यावर त्यांच्या लेकीने त्या वाचनालयाला दिल्या. ती रुग्णालयात परिचारिका होती. दोन खेपांत वह्या घेऊन आली आणि पोच घेऊन गेली. हाताने लिहिलेली वही कुठे नोंदवायची हे संगणकाला कळेना. तेव्हा बाईंनी जुने पेन काढले, एकेचाळीस कार्डे लिहिली आणि तेविसाव्या खणात ओवली. वह्या मागच्या खोलीत कुलपात गेल्या. किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

पूर आला त्या दिवशी दुपारी एक गाडी कर्ण्यावरून सांगत फिरली, "संध्याकाळपर्यंत पाणी चढेल. तळमजल्यावरचं सामान हलवा." वाचनालयात तिघेच होते. बाई, शिडी आणि बांधणीवाले काका. काका आठवड्यातून तीन दिवस येऊन फाटकी पुस्तके शिवीत. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास आणि खांद्याला कायम एक कापडी पिशवी.

"शिडी, तू मुलांची पुस्तकं वर घे," बाई म्हणाल्या. "काका, तुम्ही कोश घ्या, मोठे खंड घ्या. मागच्या खोलीचं मी बघते."

दोन तास तिघे जिना चढत उतरत होते. बाईही मांडण्या रिकाम्या करीत होत्या. चारच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. "आई, पलंगावरून उतरू नकोस. कुठवर आलंय? बरं, बरं, आले मी." त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि घरात दुसरे कोणी नव्हते. बाईंनी पर्स उचलली. दारात त्या क्षणभर थांबल्या, मागे वळून पाहिले आणि पळत सुटल्या. मला वाटले, त्यांनी माझ्याकडेच पाहिले.

पाचच्या आत पाणी उंबरा ओलांडून आले. आवाज नाही, घाई नाही. चोर जसा चपला हातात घेऊन येतो तसे. शिडीने मला उचलून पाहिले, पण मी एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. काकांनी त्याला दंडाला धरून वर नेले.

तीन दिवस मी साडेतीन फूट पाण्यात उभे होते. माझ्या खालच्या दोन ओळी पूर्ण बुडाल्या, चौथीचे तळ भिजले. वरच्या तीन ओळी कोरड्या राहिल्या. मित्रांनो, भिजलेले पुस्तक फुगते हे मला त्या दिवसांत कळले. दाटीवाटीने बसलेली पुस्तके एकदम फुगली आणि मांडण्यांच्या फळ्या वाकल्या, मोडल्या. संगणक टेबलासकट बुडाला. त्यातल्या यादीची जी एक प्रत काढून ठेवली होती, ती त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती.

पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी बाई आल्या. एकट्या. घोट्यापर्यंत गाळ तुडवत त्या माझ्या पाठीमागच्या बोळात गेल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग गोणपाट ओढल्यासारखे काहीतरी. शिडी आणि काका आले तेव्हा बाई वाचनकक्षात उभ्या होत्या आणि त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. पण त्या दिवशी कोणाचे हात काळे नव्हते?

मला चौघांनी उचलून बाहेर व्हरांड्यात नेले आणि अंगावर निळे प्लॅस्टिक टाकले. मला काही दिसेना. दोन दिवसांनी भर दुपारी, सगळे आत फावड्याने गाळ ओढत असताना, प्लॅस्टिकखाली एक हात शिरला. हातात रबरी मोजा होता आणि त्याला फिनेलचा वास होता. त्या आठवड्यात सगळ्यांच्याच हाती तसले मोजे आणि सगळ्यांनाच तो वास. हाताने तेविसावा खण ओढला, सळई सोडवली, एकेचाळीस कार्डे काढून घेतली, सळई परत लावली आणि खण हळूच बंद केला. प्लॅस्टिक पुन्हा नीट झाकले गेले.

मनात शंकेची पाल चुकचुकली. भिजलेली कार्डे वाळत घालायला काढली असती तर खालच्या ओळीतली काढली असती. कोरड्या खणातली कार्डे कोणाला हवी होती?

दुसऱ्याच दिवशी ऊन पडले, शिडीने माझ्यावरचे प्लॅस्टिक काढले, आणि मास्तरांची लेक आली. रुग्णालयातून पाळी संपवून थेट आली असावी, अंगावर तिथलाच पांढरा पोशाख होता. हातात पोच होती, घडीवर फाटलेली.

"बाई, बाबांच्या वह्या ठीक आहेत ना?"

बाई फडक्याला हात पुसत राहिल्या. "मी त्या जिन्यापाशी आणून ठेवल्या होत्या, ताई. वर नेल्या असतील. सापडतील."

"कोणी नेल्या वर?"

"घाई होती. सगळेच नेत होते."

शिडीने काकांकडे पाहिले. काकांनी शिडीकडे पाहिले. दोघांनीही जिन्यापाशी वह्या पाहिल्या नव्हत्या, आणि प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने पाहिल्या असतील.

मास्तरांची लेक वरच्या मजल्यावर गेली. तिथे तीन हजार पुस्तके कशीही रचलेली होती. ती एकेक गठ्ठा उचलून पाहू लागली. त्यानंतर ती रोज येई. कधी सकाळी, कधी पाळी संपल्यावर, दीड दोन तास शोधी, हात धुई आणि जाई.

संशयाला खायला घालावे लागत नाही, तो आपोआप पोसतो. मी व्हरांड्यात होते, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांचे बोलणे माझ्या कानावर पडे. कोणी म्हणे, शिपायाने रद्दीच्या ढिगात घातल्या. कोणी म्हणे, जुन्या हस्तलिखितांवर डोळा ठेवणारी माणसे असतात. मग कोणाच्या तरी लक्षात आले की बांधणीवाले काका रोज संध्याकाळी भरलेली पिशवी घेऊन जातात.

ते खरे होते. वाचनालयात आठ दिवस वीज नव्हती. काकांचे घर उंचावर होते, तिथे पंखा चालत होता. ओले पुस्तक तीन दिवसांत वाळले नाही तर त्याला बुरशी धरते, म्हणून ते रोज दहाबारा पुस्तके घरी नेत, पानापानांत टिपकागद घालीत, पंख्याखाली उभी करीत आणि वाळली की परत आणीत. त्यांच्या घरी जेवायच्या टेबलावरही पुस्तकेच पसरली आहेत, असे ते शिडीला सांगत. "बायको म्हणते, आता ताट मांडीवर घेऊन जेवायचं का?" पण हे ज्याने ऐकले त्यालाच ठाऊक. बाकीच्यांना पिशवी जाताना दिसे.

आणि मी? मित्रांनो, मीही काकांवर संशय घेतला. मनात हिशेब केला की बांधणी करणाऱ्यालाच जुन्या वहीचे मोल कळते. व्हरांड्याच्या पायऱ्या ते उतरू लागले की मी त्यांच्या खांद्याकडे बघे, पट्टा किती ताणला आहे ते बघे.

दहाव्या दिवशी वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी काकांना पायरीवरच थांबवले.

"काका, राग मानू नका. लोक बोलतात. पिशवी जरा दाखवा."

काकांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि माझ्या शेजारच्या बाकावर उपडी केली. नऊ पुस्तके. प्रत्येकात काकांच्या हातची चिठ्ठी, कोणत्या दिवशी नेले, कोणत्या दिवशी परत आणायचे. एक चष्म्याचे घर. रिकामा डबा.

"वह्या नाहीत यात," शिडी म्हणाला.

"आज नाहीत म्हणजे काल नव्हत्या असं कुठं आहे?" अध्यक्ष म्हणाले. आवाज मऊच होता त्यांचा.

बाई दारात उभ्या होत्या. त्या मान खाली घालून हातातले फडके पिळत होत्या.

काकांनी नऊ पुस्तके बाकावरच ठेवली. डबा आणि चष्म्याचे घर पिशवीत टाकले. "ही ओली आहेत अजून," ते शिडीला म्हणाले. "आज रात्रीच टिपकागद बदलायला लागेल." आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

शिडीने आपल्या परीने खटपट केली. दोऱ्या बांधल्या, पुस्तके उघडून टांगली. पण कुठल्या पुस्तकाला वजन ठेवायचे आणि कुठल्याला नुसती हवा द्यायची, हे त्याला कळत नव्हते. गुळगुळीत कागदाची पुस्तके विटेसारखी घट्ट चिकटली. आठवडाभरात कापडी बांधणीवर आधी पांढरे ठिपके आले, मग हिरवे, मग आत शिरले की नाक धरावे लागे. जी पुस्तके पुरातून वाचली होती ती काका नसल्यामुळे मेली. मी मोजत होते. एकशेसाठपर्यंत मोजली, मग मोजणे सोडले.

त्याच आठवड्यात मला पुसून, वाळवून पुन्हा आत नेले. संगणक गेला होता, त्याची प्रत गेली होती, आणि वाचनालयात कोणती पुस्तके होती हे सांगणारे आता माझ्याशिवाय कोणी उरले नव्हते. नऊ वर्षांनी माझ्यापुढे खुर्ची मांडली गेली. "घ्या, पेटाऱ्याला पुन्हा नोकरी लागली," शिडी म्हणाला, पण खण मात्र त्याने हळूच ओढला.

बाई कार्ड वाचीत, शिडी पुस्तक शोधी आणि कागदावर खूण करी. पहिल्या दिवशी बारा खण झाले. दुसऱ्या दिवशी बाविसावा खण संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता खालच्या ओळी घेऊ. हा राहू दे."

"का बरं? ओळीनं जाऊ की." शिडीने तेविसावा खण ओढला. पुढे 'हस्तलिखिते' असे लिहिलेले जाड पुठ्ठ्याचे कार्ड होते. त्यामागे रिकामी सळई.

शिडी वाकून बघू लागला. बोटाने खणाचा तळ चाचपला. "हा तर कोरडा आहे, बाई. इथवर पाणी आलंच नव्हतं."

बाई कागदावरच्या खुणा पुन्हा मोजू लागल्या.

"आणि पाण्यानं कार्डं नेली म्हणावी, तर सळई परत कोणी लावली?" त्याने सळईची मूठ धरून डावीकडे फिरवून पाहिली. ती हलली नाही. जोर लावला, तरी नाही. "ही अडकलीय. काकांनाही ही कधी सुटायची नाही, त्यांनी एकदा पक्कड मागितली होती. ही फक्त..."

तो थांबला. मीही थांबले. व्हरांड्यातला तो हात मला आठवला. त्याने सळई धरली होती आणि जराही न चाचपता उजवीकडे फिरवली होती. मला हे तेव्हाच कळायला हवे होते. मी सगळ्यांवर संशय घेतला, पण ज्या हातांनी मला सव्वीस वर्षे लिहून भरले, त्या हातांकडे मी बघितलेच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

शिडी सरळ उभा राहिला. "मी चहा घेऊन येतो," तो म्हणाला. दार लावून घेऊन गेला आणि तास झाला तरी आला नाही.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. रडल्या नाहीत. एकदा त्यांनी हात उचलून तो उघडा खण आत ढकलला, पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनकक्षात पाच माणसे होती. बाई, शिडी, अध्यक्ष, मास्तरांची लेक आणि काका. काका दाराजवळच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन. बाईंनी पर्समधून कार्डांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"वह्या जिन्यापाशी कधी आल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. "मागची खोली मी बघते म्हटलं होतं. सगळ्यात शेवटी उघडू म्हणून ठेवली. आईचा फोन आला आणि मी गेले. किल्ली माझ्याजवळच राहिली. निदान किल्ली शिडीकडे टाकली असती तरी... दारात आठवलं होतं मला. परत फिरले असते तर दोन मिनिटं लागली असती. नाही फिरले."

त्यांनी कार्डांच्या कडा बोटांनी सारख्या केल्या.

"वह्या पाण्यात गेल्या, हे मला चौथ्या दिवशीच माहीत होतं. कार्डं मी काढली. वाटलं, कार्ड नसलं की कोणी विचारणार नाही."

मास्तरांची लेक बराच वेळ पोचेच्या घडीवरून बोट फिरवत होती. "आईसाठी गेलात, त्यात मी काय बोलू?" ती म्हणाली. "मीही गेले असते. वह्या गेल्या म्हणाला असतात तर रडले असते आणि घरी गेले असते. पण बाई, तुम्ही मला दोन आठवडे शोधायला लावलंत. मी वर गठ्ठे उचलत होते आणि तुम्ही खाली बसून ऐकत होता."

"हो," बाई म्हणाल्या.

काकांनी पहिल्यांदाच तोंड उघडले. "माझी पिशवी उलटी केली तेव्हा तुम्ही दारात होतात."

"होते."

"बोलला नाहीत."

"नाही बोलले, काका."

काकांनी मान हलवली, जणू मापाला पुठ्ठा कापून झाला. मग एकदम विचारले, "वह्या टाकल्यात कुठे?"

"टाकवल्या नाहीत मला. मागच्या खोलीत आहेत. गोणपाटात."

काका उठले आणि बोळात गेले. शिडीही गेला. गोणपाट टेबलावर आले तेव्हा त्यातून काळे पाणी गळत होते आणि वास असा की अध्यक्षांनी रुमाल काढला. काकांनी एकेक वही सोडवली. शाई विरघळून पानांवर निळे ढग झाले होते. एक वही, दुसरी, तिसरी. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या.

"पहिल्या दिवशी माझ्या हातात दिल्या असत्या तर निम्म्या तरी वाचवल्या असत्या," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

सतराव्या वहीवर काकांचा हात थांबला. त्यांनी चष्मा चढवला. पान चिखलाचे होते, कडा कुजल्या होत्या, पण अक्षर दिसत होते. बारीक, राखाडी.

"हे पेन्सिलीनं लिहिलंय."

मास्तरांची लेक पुढे झाली. "नावेत बसून लिहायचे तेव्हा बाबा पेन्सिल घ्यायचे. पाणी उडतं म्हणायचे."

पेन्सिलीच्या वह्या नऊ निघाल्या. त्यांतल्या पाच काकांनी वाचवल्या, एकेक पान सुटे करून, दोन महिने लावून. बाकी छत्तीस गेल्या. त्यांत काय होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

समितीने बाईंना लेखी ठपका दिला आणि सहा महिन्यांसाठी सगळ्या किल्ल्या शिडीकडे सोपवल्या. शिडी रोज सकाळी कुलूप उघडून बाजूला उभा राहतो आणि बाई आत जातात. दोघे त्यावर बोलत नाहीत. अध्यक्षांनी काकांची माफी मागितली, पायरीवर नाही, आत बोलावून, आणि ती काकांनी ऐकून घेतली. ते कामावर परत आले. शिडीने विचारले, राग गेला का? तर म्हणाले, "पुस्तकं कुठं माझ्याशी खोटं बोललीत?" मात्र आता संध्याकाळी निघताना ते पिशवी बाईंच्या टेबलावर उघडून दाखवतात. बाई म्हणतात, "काका, नको ना." काका म्हणतात, "असू दे, सवय लागलीय." चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि मग दोर सोडला, म्हणून मानेवरचा वळ लगेच जात नाही.

कार्डांचे काय करायचे, हे मास्तरांच्या लेकीने ठरवले. ती म्हणाली, एकही काढायचे नाही. म्हणून एकेचाळीसच्या एकेचाळीस कार्डे पुन्हा तेविसाव्या खणात आली. छत्तीस कार्डांवर बाईंनी खाली एक ओळ लिहिली: 'ही वही पुरात गेली. ती वर न नेण्याची चूक माझी.' त्याखाली सही. छत्तीस वेळा लिहिताना त्यांना सबंध दुपार लागली. आज माझ्या पोटात नसलेल्या वह्यांची कार्डे आहेत आणि तरीही त्यांतले एकही कार्ड खोटे नाही.

मित्रांनो, माझा स्वभाव आता बदलायचा नाही. मी अजूनही येणाऱ्याचे हात बघते, जाणाऱ्याचे खांदे बघते. पण एक विनंती करते. तुमच्या हातून पुस्तक भिजले, फाटले, हरवले, तर ते गादीखाली सारू नका आणि दुसऱ्याचे नाव पुढे करू नका. आपल्या वाचनालयात घेऊन या, आणि त्याच दिवशी या. लपवलेल्या वस्तूला बुरशी धरते, आणि तिच्या आजूबाजूच्या माणसांनाही धरते.

परवाच एक शाळकरी मुलगी आली. पुस्तक तिने दप्तरात नाही, सदऱ्याखाली पोटाशी धरले होते आणि सदरा ओला झाला होता. काकांच्या टेबलापाशी ती नुसतीच उभी राहिली. काकांनी हात पुढे केला तेव्हा घाईघाईने म्हणाली, "मी नाही भिजवलं."

"कोणी भिजवलं ते राहू दे," काका म्हणाले. "कधी भिजलं ते सांग."

"आज. आत्ता. शाळेतून येताना."

काकांनी पुस्तक उलटून पाहिले, पाठीवर अंगठा दाबला, टिपकागदाचा गठ्ठा ओढून घेतला आणि तिच्यासाठी शेजारची खुर्ची सरकवली.

"मग वाचेल," ते म्हणाले.